लुकलुक थांबली तेव्हा

रूझा कोलारोवाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कंप्युटरच्या पडद्याला चिकटपट्टी लावत होती. नकाशाचा कागद फळ्यावर बसवायला वापरतात तसली पिवळट पट्टी. यादीतल्या एका ओळीच्या बरोबर खाली तिने ती आडवी डकवली, खुर्ची मागे ओढली आणि हाताची घडी घालून बघत बसली.

"काय बघताय?" मी विचारलं.

"ओळ हलते का ते."

"आणि हलली तर?"

"तर चूक माझी," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी इल्का. रूसेमध्ये, डॅन्यूबकाठी, एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचं काम मला मिळालं होतं. प्रोग्रॅम करणारे जे आपसात बोलतात ते साध्या माणसाला समजेल असं लिहायचं, एवढंच माझं काम. आमची कंपनी कंप्युटरवरचे तक्ते बनवायची. म्हणजे दुकानदाराला, गोदामवाल्याला, दवाखान्याला जी मोठी यादी समोर दिसते, ओळी आणि रकाने, वर-खाली सरकवता येणारी, ती. इतर कंपन्या ती विकत घेऊन आपापल्या प्रोग्रॅममध्ये बसवत. बाहेरून दिसायला साधी गोष्ट. आत काय काय दडलेलं असतं ते मला रूझाने शिकवलं.

ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. ठेंगणी, आखूड कापलेले पांढरे केस, मनगटात पुरुषी घड्याळ. मूळची ती नकाशे काढणारी. बोटी बांधण्याच्या कारखान्यात पंधरा वर्षं तिने शाईने बोटींचे आराखडे काढले. तिच्या हाताखाली एक नवा इंजिनियर आला होता, कामेन ब्रातानोव. शिकलेला, पण आराखडा वाचायला त्याला तिनेच शिकवलं. पुढे कारखाना बंद पडला, हजारभर माणसं रस्त्यावर आली. तेव्हा कामेनने तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. वयाच्या सदतिसाव्या वर्षी. मग त्याने ही कंपनी काढली, तिची पहिली दोन वर्षं रूझाच्याच बैठकीच्या खोलीत गेली.

कामेनच्या लग्नात ती कुमा होती. आमच्याकडे लग्नात नवराबायकोच्या पाठीशी जी बाई उभी राहते ती त्यांची कुमा, आणि ते नातं जन्मभराचं. सख्ख्या बहिणीशी भांडण झालं तर लोक म्हणतात, होतं असं. कुमाशी भांडलं तर लोक मान खाली घालतात. कामेन तिला ऑफिसातसुद्धा नावाने हाक मारत नसे. "कुमा, जरा येतेस?" असंच. गावाकडच्या झाडावरची बिहीची पिवळी फळं पिकली की पहिली टोपली तिच्या टेबलावर यायची.

२०१२ च्या फेब्रुवारीत एका खाजगी प्रयोगशाळेकडून तक्रार आली. रक्त-लघवी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत आमचा तक्ता बसवलेला होता. यादी सारखी लुकलुकते, तपासनिसांची डोकी दुखतात, असं त्यांचं म्हणणं होतं. रूझा म्हणाली, "इथे बसून मला काय कळणार? तिथे जाऊन बसते." आणि चार दिवस ती तिथे जाऊन बसली. नोंदी घ्यायला तिने मलाही नेलं.

तिथे दोन्का भेटली. दोन्का त्सोनेवा, पन्नाशीची, जाडजूड, अखंड बडबडणारी. सव्वीस वर्षं ती रक्तच तपासत होती. यंत्रातून एकेक निकाल निघाला की तो तिच्या पडद्यावरच्या यादीत वरच्या बाजूला येऊन बसे. तिने तो वाचायचा, ठीक असला तर ओळीवर माउसचा बाण नेऊन 'मंजूर' दाबायचं. शंका आली तर 'थांबवा' दाबायचं आणि डॉक्टरला फोन करायचा. दिवसाला सहाशे ओळी.

"ही यादी मला डोळा मारते," तिने पहिल्याच दिवशी रूझाला सांगितलं. "मिनिटाला दहा वेळा. या वयात दुसरं कोणी मारत नाही म्हणा. पण मेली पुढचं काही विचारत नाही, नुसतीच डोळा मारते."

"आता मी आलेय ना," रूझा म्हणाली. "तिचं लग्न लावून टाकू."

दोघींचं जमलं. दुसऱ्या दिवशी दोन्काने आमच्यासाठी घरून बानित्सा, पालक भरलेली पापुद्र्यांची खारी पोळी, आणली, तिसऱ्या दिवशी त्या एकमेकींना अगं-तुगं करत होत्या.

लुकलुक का होते ते रूझाला पहिल्या तासातच कळलं होतं. नवा निकाल आला की प्रोग्रॅम अख्खी यादी पुसायचा आणि पहिल्यापासून परत रंगवायचा. पुसणं आणि रंगवणं यांच्या मधे क्षणभर कोरा पांढरा पडदा दिसायचा. यंत्र जोरात असलं की सेकंदाला दोन-तीनदा. "पाट्या पुसणाऱ्या पोरासारखं," ती मला म्हणाली. "एक अक्षर बदलायचं तर सगळी पाटी थुंकून पुसतो."

पण तिसऱ्या दिवशी तिला दुसरंच काही दिसलं. दोन्काने एका ओळीवर बाण नेला होता, बोट दाबणार एवढ्यात चार निकाल एकदम आले. पडदा लुकलुकला. दोन्काने बोट उचललं, "थांब बाई," असं यादीलाच म्हणाली आणि परत नाव शोधायला लागली.

"बोट का उचललंस?" रूझाने विचारलं.

"लुकलुकली ना."

"मग?"

"लुकलुकली म्हणजे हलली. आता माझ्या बाणाखाली कोण बसलंय देव जाणे. म्हणून मी परत नाव वाचते. सवय झालीय."

रूझाने आपलं पट्टीचं बंडल काढलं, पडद्याला लावलं आणि दुपारभर मोजत बसली. प्रोग्रॅमला 'अकरावी ओळ' एवढंच लक्षात राहत होतं. अकराव्या ओळीवर कोणाचं नाव आहे हे नाही. वर चार नवे निकाल आले की अकरावा माणूस पंधरावा व्हायचा आणि बाणाखाली भलताच कोणीतरी यायचा. कधी तर यादी उडी मारून थेट टोकाला जायची.

परत येताना बसमध्ये ती मला म्हणाली, "कुत्रा भुंकतो म्हणून झोपमोड होते, इल्का. पण चोर आलाय हेही तोच सांगतो. मी नुसता कुत्रा गप्प केला तर?"

त्या आठवड्यात तिने टिपण लिहिलं. तिची भाषा आराखड्यासारखी, तुटक. म्हणून छापील प्रत तिने माझ्याकडे दिली आणि मी लाल पेन्सिलीने ती सुधारली. मला अजून पाठ आहे ते. लुकलुक आणि उडी, दोन्ही एकदमच काढावीत. नुसती लुकलुक काढू नये. आज पडदा लुकलुकतो म्हणून तपासनीस सावध होतो. उद्या ओळ गुपचूप बदलेल आणि एकाचा निकाल दुसऱ्याचा म्हणून मंजूर होईल. खाली तारीख, १४ मार्च, आणि तिची सही. सुधारलेलं टिपण तिने कामेनला पाठवलं. लाल पेन्सिलीची प्रत माझ्याच फायलीत राहिली.

कामेनने तिला बोलावलं तेव्हा मीही तिथे होते. व्हिएन्नाची एक मोठी कंपनी आमची कंपनी विकत घेण्याच्या बोलण्यात होती, हे तोवर सगळ्यांच्या कानावर आलं होतं.

"कुमा, किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

"लुकलुकीला दहा. उडीला दोन महिने. शेरा लांब असला की ओळ उंच होते, सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या नाहीत. सगळं नव्याने मांडावं लागेल."

"मग लुकलुक आधी देऊन टाकू. व्हिएन्नाची माणसं मे महिन्यात येतायत. त्यांना मी ती प्रयोगशाळाच दाखवायला नेणार आहे. खराखुरा तक्ता, खरेखुरे निकाल."

"एकटी लुकलुक नाही द्यायची. लिहिलंय मी ते."

"वाचलंय गं. मग असं करू. उडीचं काम होईपर्यंत प्रयोगशाळेने यादी आपोआप ताजी करणं बंद ठेवायचं. दोन्काने बटण दाबलं तरच नवे निकाल येतील. म्हणजे ती हात लावेपर्यंत काही हलणार नाही. चालेल?"

रूझाने विचार केला. "चालेल. पण त्यांना लेखी कळव, कामेन. तोंडी नको."

"आजच कळवतो."

"नक्की?"

"कुमाशी खोटं बोलेन का?" तो हसून म्हणाला.

नऊ दिवसांत तिने लुकलुक काढली. आता प्रोग्रॅम आधी नजरेआड सगळी यादी रंगवायचा आणि तयार झाली की अलगद समोर ठेवायचा. पाव सेकंदात जेवढे निकाल येतील तेवढे एकत्र घ्यायचा, आणि बदललेल्या ओळींनाच हात लावायचा. पडदा असा शांत झाला की मी तासभर नुसती बघत बसले. प्रयोगशाळेकडून आभाराचं पत्र आलं, दोन्काने ऑफिसात गुलाबाच्या मुरंब्याची बरणी पाठवली. वर चिठ्ठी होती: 'आता डोळा मारत नाही. जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं.'

रूझा उडीच्या मागे लागली. ओळीचा क्रमांक विसरायचा, नमुन्याच्या नळीवरचा आकडा धरून ठेवायचा. डोळा जिथे आहे ती ओळ जागची हलू द्यायची नाही. नवे निकाल वर मुकाट्याने रांगेत उभे राहतील, कडेला फक्त 'सात नवे' असं दिसेल, आणि माणसाचा हात माउसवर असेपर्यंत कोणी पुढे घुसणार नाही. मे अखेरीस ते तयार झालं. कामेनने पाहिलं, तिचा खांदा दाबला आणि म्हणाला, "हे नव्या आवृत्तीत घालू. व्हिएन्नाला हेच विकू." प्रयोगशाळेला ते लगेच द्यावं, असं ती दोनदा म्हणाली. तो म्हणाला, "त्यांचं आपोआप येणं बंद आहे, त्यांना काय घाई?" तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? बावीस वर्षं ठेवलाच होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीनंतर, कामेन माझ्या टेबलाशी आला.

"इल्का, एक दाखला लिहून दे. प्रयोगशाळेत कोणाची तरी चूक झालीय, चौकशी बसलीय. आपला प्रोग्रॅम ठरवल्याप्रमाणे चालतो आणि ओळ चुकण्याची कुठलीही अडचण यापूर्वी आपल्याला कळलेली नाही, एवढंच लिहायचं. खाली तांत्रिक जबाबदार म्हणून रूझाचं नाव."

माझी लाल पेन्सिल समोरच्या पेल्यात उभी होती. मी म्हटलं, "रूझाला दाखवू का?"

"वाचलंय तिने. हो म्हणाली. कामात आहे, तिला त्रास देऊ नकोस."

मी लिहून दिलं. अर्ध्या तासात, नेटकं, एकही चूक नसलेलं. 'यापूर्वी कळलेली नाही' हे शब्द लिहिताना मला १४ मार्च आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. मी स्वतःशी म्हटलं, ही दुसरीच काही अडचण असेल. रूझाने वाचलंय म्हणतायत, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सही करायचं तिचं इलेक्ट्रॉनिक कार्ड कामेनच्या खणात असे, सगळ्यांचीच तिथे असत. दाखला त्याच संध्याकाळी गेला.

पुढच्या गुरुवारी दुपारी दोन्का आली. जिन्यावरून धापा टाकत, बाहेरच्या कपड्यांत, हातात एक कागद. मला वाटलं रूझाला भेटायला आली म्हणून मी उठून हसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ रूझाच्या खोलीत गेली आणि कागद टेबलावर ठेवला.

"हे तू लिहिलंस?"

रूझाने चष्मा घातला आणि वाचलं. मी दारातून बघत होते. तिने परत पहिल्यापासून वाचलं.

"दोन्का, हे काय आहे?"

"मलाच विचारतेस? ज्याच्यावरून चौकशी बसलीय तो मास्तर, माझ्या पोराला भूगोल शिकवलेला. त्याच्या रक्तात पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. मी थांबवायला हवं होतं, डॉक्टरला फोन करायला हवा होता. मी त्याच्या खालची ओळ मंजूर केली, एका पोरीची, नितळ निकाल. शपथेवर सांगते, तिचीच ओळ होती माझ्या बाणाखाली! आणि मंजूर झाला मास्तर. दोन दिवसांनी बागेत कोसळला. अजून अतिदक्षता विभागात आहे."

"पण यादी आपोआप ताजी होत नव्हती ना? बटण होतं ना तुला?"

"कसलं बटण?"

रूझा उभी राहिली. "तुम्हाला पत्र आलं नाही? मार्चमध्ये? बंद ठेवा म्हणून?"

"कोणी काही कळवलं नाही. उलट साहेब म्हणाले, आता लुकलुकत नाही, भरभर उरका." दोन्काचा आवाज चिरकला. "आधी ती लुकलुकायची तर मला कळायचं गं. तूच तर विचारलं होतंस, बोट का उचललंस म्हणून. तुला माहीत होतं! आणि खाली तू लिहितेस की कधी ऐकलंच नाही. मला काढून टाकलं. सव्वीस वर्षं. माझा परवाना जाईल आता. लोक मला मास्तरला मारायला निघालेली म्हणतात."

"मी हे लिहिलेलं नाही."

"तुझं नाव आहे."

"नाव माझं आहे," रूझा म्हणाली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. "लिहिलं मी नाही."

दोन्काने कागद उचलला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. "आम्ही तुला घरचं जेवू घातलं," एवढंच म्हणून ती जिना उतरून गेली.

रूझा कामेनच्या खोलीत गेली. दार लावलं नाही. सगळं ऑफिस ऐकत होतं, आणि कीबोर्ड बडवल्याचं नाटक करत होतं.

"प्रयोगशाळेला पत्र पाठवलं होतंस?"

"कुमा, बस आधी."

"पाठवलं होतंस?"

"फोन करणार होतो. मग व्हिएन्नाची माणसं येणार म्हटल्यावर... बटण दाबून निकाल आणायचे म्हणजे त्यांना मागासलेलं वाटलं असतं. दोन महिन्यांचा तर प्रश्न होता. मला काय माहीत असं होईल?"

"मी लिहिलं होतं असं होईल. शब्द न् शब्द."

"कुठे लिहिलं होतंस?" तो हळू आवाजात म्हणाला.

ती मागे वळली. मग आपल्या टेबलाशी आली, कंप्युटरमध्ये शोधू लागली. मार्चमधली पाठवलेली पत्रं होती, चौदा तारखेचं नव्हतं. मूळ टिपणही नव्हतं. सगळ्यांची पत्रं कंपनीच्या एकाच यंत्रावर असत आणि त्याची किल्ली एकाकडेच होती. ती परत त्याच्या दारात गेली.

"पुसलंस?"

"या कंपनीवर बत्तीस घरं चालतात, कुमा. पंधरा दिवसांत सह्या आहेत. मास्तर वाचेल, डॉक्टर म्हणतायत. ती बाई दुसरीकडे नोकरी बघेल. तू सगळं मोडणार आहेस का? तुझाही वाटा आहे यात."

"माझं नाव का घातलंस? तुझं का नाही?"

तो पुढ्यातल्या कागदांची चळत सरळ करू लागला.

"बाहेरच्याने मारलं असतं तर मी ओरडले असते," रूझा म्हणाली. "तू केसाने गळा कापलास, कामेन. माझ्याच हातचं काम घेऊन त्या बाईचा, आणि माझं नाव घेऊन माझा." मग ती कोट न घेताच गेली. दुसऱ्या दिवशी तिचा राजीनामा आला, हाताने लिहिलेला, शाईने.

मी तीन दिवस गप्प बसले. लाल पेन्सिलीची प्रत फायलीत होती, मला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी वाटे, आज नेऊन देऊ, आणि रोज वाटे, ती दिली की दाखला कोणी लिहिला तेही सांगावं लागेल. रविवारी सकाळी प्रत घेऊन मी तिच्या घरी गेले. ती गॅलरीत टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होती. मी प्रत तिच्या हातात दिली. तिने सही पाहिली, तारीख पाहिली, खुर्चीत बसली आणि माझा हात धरला.

"इल्का, तू वाचवलंस गं मला."

तेव्हा मी सांगितलं. दाखला मी लिहिला म्हणून.

तिने हात सोडला नाही लगेच. विचारलं, "कधी?"

"मंगळवारी. जेवणानंतर."

"मी कुठे होते?"

"शेजारच्या खोलीत."

"दार उघडं होतं?"

"हो."

"आणि तू आली नाहीस."

"तो म्हणाला तू वाचलंयस..."

"दहा पावलं," ती म्हणाली. मग हात सोडला, उठली आणि उरलेल्या रोपांना काठ्या बांधायला लागली. मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघून आले.

चौकशी समितीपुढे ती आपला वकील तेवढा घेऊन गेली. मला साक्षीला बोलावलं, मीही खरं ते सांगितलं, पण त्या दिवशीची गोष्ट तिचीच होती. तिने एक कंप्युटर सोबत नेला होता, त्यात प्रयोगशाळेत होता तसाच तक्ता. समितीचे अध्यक्ष वयस्कर डॉक्टर होते. रूझाने त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि सांगितलं, मी नाव वाचते, तुम्ही ती ओळ मंजूर करा. दोनदा बरोबर झालं. तिसऱ्यांदा तिने एक नाव वाचलं, त्यांनी बाण नेला, दाबलं आणि समाधानाने मागे टेकले.

"कोणाला मंजूर केलंत?" तिने विचारलं.

त्यांनी तेच नाव सांगितलं.

"परत बघा."

त्यांनी बघितलं. दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. "पण मी बरोबर दाबलं होतं!" ते जवळजवळ रागावूनच म्हणाले.

"दोन्का त्सोनेवाही तेच सांगतेय," रूझा म्हणाली. "आणि आता आणखी एक लिहून घ्या. पूर्वी पडदा लुकलुकायचा म्हणून ती चुकत नव्हती. ती लुकलुक मी काढली. चांगलं काम होतं. मला वचन मिळालं होतं, मी त्यावर विसंबले. ते वचन तपासून बघायला मी स्वतः प्रयोगशाळेत एक चक्कर मारायला हवी होती. बसने वीस मिनिटं लागतात. मी गेले नाही."

हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या वकिलाने कपाळावर हात मारला.

दोन्काचा परवाना वाचला. तिच्यावरचा ठपका काढला गेला. प्रयोगशाळेने तिला परत घेतलं नाही, जागा भरली म्हणाले. ती बहिणीच्या बेकरीत बसू लागली. मास्तर एकोणीस दिवसांनी घरी आले, काठी टेकत का होईना चालू लागले. कंपनीला ताकीद मिळाली आणि दंड झाला. व्हिएन्नावाल्यांनी सह्या लांबवल्या, पण शरद ऋतूत केल्याच. कामेन संचालक म्हणून राहिला. 'न हलणारी यादी' नव्या आवृत्तीचं मुख्य आकर्षण ठरली, जाहिरातीत त्याचा फोटो होता, यादीकडे बोट दाखवणारा.

मी आणखी आठ महिने तिथेच राहिले. कारणं सांगत नाही, सगळ्यांकडे असतात. त्या यादीवरचं प्रकरण मीच लिहिलं. रचना रूझा कोलारोवा, असं पहिल्या पानावर घातलं होतं. छापून आलं तेव्हा ती ओळ नव्हती.

रूझा दोन्काकडे तीनदा गेली, हे मला बेकरीतल्या बाईकडून कळलं. पहिल्या दोन वेळी दोन्का आत निघून गेली. तिसऱ्यांदा बाहेर आली आणि म्हणाली, "तू लिहिलं नव्हतंस, कळलं मला. तू माझ्यासाठी भांडलीस, तेही कळलं. पण तो कागद माझ्या हातात आल्यापासून चौकशी होईपर्यंत तूच लिहिला होतास. ते दिवस मी कुठे टाकू?" रूझाने दोन पाव घेतले आणि परत आली.

पुढच्या वर्षी कामेनच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. रूझाला बोलावणं होतं, ते कामेनच्या बायकोने स्वतः जाऊन दिलं. ती गेली नाही. दाराशी रडणाऱ्या त्या बाईला तिने कॉफी पाजली, मुलीसाठी चांदीचा चमचा दिला. म्हणाली, "तुझी कुमा मी आहेच. त्याची नाही."

आता ती घरीच काम करते, नदीवरच्या लहान बंदरांसाठी बोटींच्या येण्याजाण्याच्या याद्या बनवते. असं ऐकलंय की नवं काही दिलं की ती स्वतः जाऊन दोन दिवस तिथल्या माणसाशेजारी बसते, आणि निघताना त्याची लेखी पोच घेते, शाईने.

गेल्या सप्टेंबरात मी तिला बाजारात पाहिलं. मिरच्या भाजून हिवाळ्यासाठी बरण्या भरायचे दिवस, सगळा बाजार धुराने आणि लाल ढिगांनी भरलेला. ती एका ढिगापुढे वाकून मिरच्या निवडत होती. मी जवळ गेले. किती वर्षं मनात घोळवलेलं काहीबाही बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, "रूझा, कशी आहेस?"

तिने वर पाहिलं. ओळखलं. चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही कशा आहात?"

मी ठीक आहे म्हटलं. मग तिने विक्रेत्याकडे पिशवी धरली आणि आणखी दहा किलो मागितल्या.